जाग आली, पण अंग हलेना: स्लीप पॅरालिसिस आणि झोपेची घडी

पहाटेचे साडेपाच. डोळे उघडलेत, पंख्याची घरघर ऐकू येतेय, पडद्याच्या फटीतून आलेला उजेडाचा पट्टा भिंतीवर दिसतोय. कूस बदलायला जावं तर खांदा हलत नाही. हाक मारावी तर घशातून आवाज निघत नाही. छातीवर कोणीतरी बसल्यासारखं ओझं, आणि दाराशी कुणीतरी उभं आहे याची पक्की खात्री. हे अर्धं-एक मिनिट चालतं, मग गाठ सुटावी तसं अंग एकदम मोकळं होतं.

याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. मराठीत निद्रापक्षाघात असंही लिहिलं जातं, पण हा शब्द नको तेवढा घाबरवतो. खऱ्या पक्षाघाताशी याचं काही नातं नाही. मेंदूत गुठळी नसते, रक्तस्राव नसतो, नस दबलेली नसते. स्नायू ठणठणीत असतात, त्यांना हलवणाऱ्या नसाही ठीक असतात. चुकते ती फक्त वेळ. झोपेचा एक भाग संपायच्या आत जाणीव जागी होते, किंवा झोपताना जाणीव पुरती विझायच्या आत तो भाग सुरू होतो. पुढे सांगितलेले सगळे उपाय या एकाच गोष्टीवर उभे आहेत, म्हणून आधी ती नीट समजून घ्यावी.

शरीर मुद्दाम बंद केलेलं असतं

रात्रभरात झोपेची चार ते सहा आवर्तनं होतात. एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं. प्रत्येकाच्या शेवटाकडे रेम झोप येते: बंद पापण्यांआड बुबुळं भराभर फिरतात आणि ठसठशीत स्वप्नं पडतात. शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली ही अवस्था पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीने मांडली. रात्रीच्या सुरुवातीला रेमचा तुकडा जेमतेम काही मिनिटांचा असतो. पहाटेकडे तो लांबत जातो. हा प्रकार अनेकांना पहाटे होतो, त्याचं एक कारण हेच.

स्वप्नात आपण धावतो, पण पाय धावत नाहीत. मेंदूच्या बुंध्यातला पॉन्स नावाचा भाग रेमच्या वेळी खाली संदेश धाडतो, आणि मज्जारज्जूतल्या हालचालीच्या पेशींवर ग्लायसिन आणि गाबा ही रसायनं झाकण घालतात. फ्रान्समधल्या मिशेल झुव्हे यांच्या प्रयोगात मांजरांच्या मेंदूतली ही यंत्रणा निकामी केली, तेव्हा ती मांजरं झोपेतच उठून झडप घालायला लागली. स्वप्नात जे चाललेलं असतं ते बिछान्यात घडू नये म्हणून ही सोय आहे. स्लीप पॅरालिसिसमध्ये तीच सोय अर्धा-एक मिनिट उशिरापर्यंत चालू राहते.

या झाकणाखाली दोन गोष्टी येत नाहीत: डोळे हलवणारे स्नायू आणि श्वासपटल. म्हणून अशा वेळीही डोळे फिरवता येतात आणि श्वास चालूच राहतो. मग गुदमरल्यासारखं का होतं? रेममध्ये फासळ्यांमधले स्नायू सैल पडलेले असतात, श्वास उथळ आणि अनियमित असतो. अशात आपण घाबरून मोठा श्वास ‘ओढायला’ जातो. छाती ऐकत नाही. मेंदूला वाटतं, श्वास अडलाय. प्रत्यक्षात श्वासपटल आपलं काम शांतपणे करत असतं. फक्त त्याची लगाम त्या क्षणी आपल्या हातात नसते.

दाराशी उभी असलेली आकृतीही तिथूनच येते. स्वप्न तयार करणारी यंत्रणा चालू, भीतीचं केंद्र तापलेलं, आणि डोळ्यांपुढे मात्र खरी खोली. मग खुंटीवरचा टांगलेला शर्ट माणूस होतो. असे भास तीन तऱ्हेचे आढळतात: कुणीतरी खोलीत आहे, कुणीतरी छातीवर दाबतंय, आणि आपण तरंगतोय किंवा शरीराबाहेर निघालोय. पहिले दोन बहुधा जोडीने येतात. तिसरा कधीकधी चक्क सुखद असतो.

२०११ साली ३५ अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेल्यांचं प्रमाण सर्वसाधारण लोकांत ७.६ टक्के निघालं, विद्यार्थ्यांत मात्र २८ टक्के. विद्यार्थ्यांच्या झोपायच्या वेळा आठवा, म्हणजे याचं फारसं नवल वाटणार नाही.

नेमकं काय बिघडलं की हे होतं

सगळ्यात मोठं कारण झोपेची थकबाकी. दोन-तीन रात्री चार-पाच तासांवर काढल्या की मेंदू रेमची वसुली करायला बसतो. मग रेम लवकर येते, जोरात येते आणि नको तिथे घुसते. पाळी बदलत राहणारी नोकरी, लांबचा विमानप्रवास, परीक्षेआधीची जागरणं, तान्हं मूल, कारण कुठलंही असो, हिशेब तोच.

दुसरं कारण मध्येच तुटलेली झोप. जपानी संशोधकांनी १९९२ साली प्रयोगशाळेत लोकांना रात्री मुद्दाम उठवलं, काही वेळ जागं ठेवलं आणि पुन्हा झोपू दिलं. काहींना झोप लागताच थेट रेम आली, आणि तशा वेळी काही जणांत स्लीप पॅरालिसिस ठरवून घडवून आणता आलं. गजराचं स्नूझ बटण रोज सकाळी जवळपास हाच प्रयोग आपल्यावर करतं: पहाटेची रेम मोडायची, दहा मिनिटांची डुलकी, पुन्हा मोडायची. ज्याला हा त्रास वारंवार होतो, त्याने बाकी काही करण्याआधी स्नूझ बंद करावं.

तिसरं, उताणं झोपणं. पाठीवर असताना स्लीप पॅरालिसिसच्या झटक्याची शक्यता वाढते, हे वेगवेगळ्या पाहण्यांत दिसलंय. याखेरीज चिंता, मानसिक आघात आणि घोरण्यासोबतचा स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार) यांच्याशीही याचा संबंध आहे, आणि काही घराण्यांत हे पिढ्यांमधून चालत आलेलं दिसतं. नैराश्यावरच्या अनेक गोळ्या रेम दाबून धरतात. त्या एकदम बंद केल्या की दाबलेली रेम उसळून येते. अशी गोळी मनाने सोडू नका, डॉक्टरांकडून डोस टप्प्याटप्प्याने उतरवून घ्या. दारूचंही असंच. पहिल्या तीन-चार तासांत ती रेम दाबते, आणि उत्तररात्री रेम दामदुप्पट परत येते, तीही तुटक झोपेत.

त्या एका मिनिटात

जोर लावू नका. अख्खं अंग झटकून उठायची धडपड हीच सर्वांची पहिली चूक. मेंदू हुकूम सोडतो, खालून उत्तर येत नाही, म्हणून तो आणखी मोठा हुकूम सोडतो. छाती धडधडते, भीती चढते, आणि भीती चढली की भासही गडद होतात.

त्याऐवजी आधी मनाशी नाव घ्या: ‘हे स्लीप पॅरालिसिस आहे, मिनिटभरात जाईल.’ वाक्य ठरलेलं आणि छोटं असू द्या. दिवसा पाच-दहा वेळा म्हणून ठेवलेलं असलं तरच ते ऐनवेळी आठवतं. मग श्वास आत ओढायचा प्रयत्न पूर्ण सोडून द्या आणि फक्त बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवा. तो मोजा. एक, दोन, तीन. लांबवायला जाऊ नका, मोजत राहा. नजर आकृतीवरून काढून छतावर किंवा भिंतीच्या कडेवर न्या. डोळे हलतात हे कळलं की निम्मा धीर तिथेच येतो. भास सोसवत नसतील तर डोळे मिटून घ्या आणि एखाद्या ओळखीच्या चेहऱ्यावर मन लावा.

दोन-चार श्वासांनंतर लहान हालचाल करून पाहा: पायाचं एकच बोट, जिभेचं टोक, किंवा नाकपुडी. काहींना याने लवकर सुटका मिळते, काहींना मिळत नाही. एकदा करून पाहावं, नाही हललं तर पुन्हा श्वास मोजायला लागावं. हात-पाय, मान, पाठ यांच्या वाटेला जाऊ नये.

शेजारी कोणी झोपत असेल तर त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. शब्द निघत नाहीत, पण नाकातून बारीक हुंकार किंवा भराभर श्वास बहुतेकांना जमतो. ‘असा आवाज आला की माझ्या खांद्याला हात लाव, नावाने हाक मार’, एवढं ठरलेलं पुरे. स्पर्शाने हा प्रकार बऱ्याचदा तिथल्या तिथे मोडतो. गदागदा हलवायची गरज नसते.

हाच क्रम थोडा बांधीव स्वरूपात उपचार म्हणूनही वापरला गेलाय. संशोधक बालंद जलाल यांच्या पद्धतीत चार पायऱ्या आहेत: या अनुभवाचा अर्थ बदलणं, भीतीपासून मनाने थोडं मागे सरणं, मनातल्या एखाद्या चांगल्या गोष्टीवर ध्यान लावणं, आणि स्नायू ढिले सोडणं. २०२० साली थोड्याशा रुग्णांवर झालेल्या चाचणीत याचा गुण दिसला. अभ्यास फार लहान आहे, म्हणून छातीठोक काही सांगता येणार नाही. पण औषध नाही, खर्च नाही, आणि दिवसा उताणं पडून दहा मिनिटं सराव केला तर बिघडत काहीच नाही.

अंग सुटल्यावरची पाच मिनिटंही तितकीच महत्त्वाची. तसंच पडून राहून डोळा लागू दिला तर मेंदू रेमच्या उंबऱ्यावरच असतो, आणि एकापाठोपाठ दोन-तीन झटके येतात. उठून बसा. पाय जमिनीला टेकवा. मंद दिवा लावा, दोन घोट पाणी प्या, हवं तर खोलीतल्या खोलीत चक्कर मारा. मोबाईल हातात घेऊ नका. पूर्ण जाग आली की मग कुशीवर झोपा.

घडी बसवायची ती सकाळपासून

झोप सुधारायची म्हटलं की लोक रात्री लवकर आडवे होतात. उलटं करा. झोप लागण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते. म्हणून उठायची वेळ आधी पक्की करा आणि सुट्टीच्या दिवशीही ती अर्ध्या-पाऊण तासापलीकडे ढळू देऊ नका. पाच दिवस साडेसहाला आणि रविवारी साडेदहाला उठणाऱ्याचं शरीर दर आठवड्याला चार तासांच्या घड्याळाचा फरक सोसतं. त्यात रविवारी सकाळची ती जास्तीची झोप बहुतांशी रेमने भरलेली असते. हा प्रकार नेमका तेव्हाच घडतो, अशी तक्रार फार जुनी आहे.

उठल्यावर तासाभरात २० ते ३० मिनिटं उघड्यावर काढा. ढगाळ सकाळीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या अनेक पट असतो, आणि शरीराचं घड्याळ त्यावरच लागतं.

आता वहीत दोन आठवडे नोंद ठेवा. झोपेतून उठल्यावर एकदाच, अंदाजाने. रात्री घड्याळ बघत बसायचं नाही. एका दिवसाची ओळ अशी दिसेल:

बिछान्यात ११:००, डोळा लागला ११:४०, मध्ये जाग एकूण ३० मिनिटं, शेवटची जाग ६:१०, उठलो ७:००. पाठीवर होतो. चहा ५:३० ला. झटका पहाटे.

हिशेब करा. बिछान्यात ४८० मिनिटं. ११:४० ते ६:१० म्हणजे ३९०, त्यातून ३० वजा, उरले ३६०. ३६० भागिले ४८०, म्हणजे ७५ टक्के. हा आकडा ८५ च्या वर असायला हवा. इथे अडचण झोपेला वेळ कमी मिळण्याची नाही, बिछान्यात जागं पडून राहण्याची आहे. अशा माणसाने आठ तास लोळणं सोडून ११:४५ ते ६:३० एवढीच वेळ बिछान्याला द्यावी. आठवडाभर सरासरी ८५ टक्क्यांवर टिकली की १५ मिनिटं वाढवावीत. आणि रात्री साधारण २० मिनिटं झोप येत नाहीये असं वाटलं, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करत बसावं, पेंग आली की परत यावं. बिछाना म्हणजे तळमळ, ही मनातली जोडी यानेच तुटते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ही युक्ती निद्रानाशावरच्या वर्तनोपचारात आजही पहिल्या फळीत आहे.

पण वहीतली ओळ जर ‘बिछान्यात १:३०, लगेच झोप, गजर ६:३०’ अशी असेल, तर टक्केवारी ९५ च्या पुढे जाईल. यात खूश होण्यासारखं काही नाही. हा माणूस उपाशी आहे. प्रौढाला किमान सात तास लागतात. त्याने दर तीन दिवसांनी १५ मिनिटं आधी आडवं व्हावं, सात-साडेसात तास भरेपर्यंत. दोन-अडीच तास मागे यायला चोवीस ते तीस दिवस लागतील. एका रात्रीत दोन तास मागे ओढू पाहणारा नुसता छताकडे बघत पडतो आणि तिसऱ्या दिवशी नाद सोडतो.

या दोन माणसांची गल्लत मात्र करू नका. आधीच उपाशी असलेल्याने बिछान्यातला वेळ कापला तर झटके वाढतील. पहिल्या प्रकारातल्यालाही सुरुवातीचे काही दिवस जड जाऊ शकतात, म्हणून साडेपाच तासांच्या खाली कधी जाऊ नये. अपस्मार किंवा बायपोलर आजार असणाऱ्यांनी आणि वाहन चालवून पोट भरणाऱ्यांनी हा कापाकापीचा भाग डॉक्टरांशिवाय करूच नये.

बाकीचं थोडक्यात. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला १०० मिलिग्रॅम पोटात गेलं तर अकराला ५० शिल्लक असतं, म्हणून चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद. दुपारची डुलकी तीनच्या आधी आणि २० मिनिटांची. गजर २५ वर लावा. तास-दीड तास ताणली की त्यात रेम शिरते आणि रात्रीच्या झोपेची भूकही मरते. झोपण्याआधी तास-दोन तास कोमट ते गरम, म्हणजे ४० ते ४२ अंशांच्या पाण्याने दहा मिनिटं आंघोळ केली तर कातडीतून उष्णता बाहेर पडून आतलं तापमान उतरतं आणि झोप लवकर येते. अगदी झोपतानाच केली तर उलटा परिणाम. खोली अंधारी आणि किंचित गार असू द्या.

पाठीवर झोपायची सवय मोडायला नुसता निश्चय कामाचा नाही, कारण कूस झोपेत बदलते. पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत लांब उशी किंवा घट्ट गुंडाळलेली चादर लावा, आणि गुडघ्यांमध्ये दुसरी उशी घ्या, म्हणजे कंबर वळत नाही. एवढ्याने भागलं नाही तर जुन्या बनियनच्या पाठीवर, दोन्ही फऱ्यांच्या मधोमध, एक खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घाला. खिसा कमरेशी शिवला तर माणूस चेंडू टाळून वाकडातिकडा झोपतो आणि सकाळी पाठ धरते. पहिल्या तीन-चार रात्री चेंडू टोचून जाग येईल, त्यानंतर शरीर आपोआप कुशीवर राहतं.

हे घरी सोडवायचं नाही

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा झटका येणं आणि बाकी सगळं ठीक असणं, याला तपासणी लागत नाही. पण दिवसा बोलता-बोलता आवरेनाशी झोप येत असेल, किंवा खळखळून हसताना अथवा रागावताना गुडघे लटपटत असतील, जबडा सैल पडत असेल, तर नार्कोलेप्सीची, म्हणजे मेंदूचा झोप-जागेपणावरचा ताबा बिघडण्याच्या आजाराची, शंका घ्यावी लागते. जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबणं, सकाळी डोकं जड असणं हे स्लीप अॅप्नियाकडे बोट दाखवतं. सकाळी उठल्यावर हातापायांत ताकदच नसणं आणि ते तासन्‌तास टिकणं हे स्लीप पॅरालिसिस नव्हे. त्यात रक्तातलं पोटॅशियम तपासावं लागतं. आणि तोंड एका बाजूला ओढलं जाणं, बोलणं जड होणं, एकाच बाजूचा हात-पाय लुळा पडणं, हे दिसलं तर मिनिटं न मोजता थेट रुग्णालय गाठायचं.

नार्कोलेप्सीची शंका असली तर रात्रभर झोपेची नोंद घेतात, आणि दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांच्या अंतराने चार-पाच वेळा डुलकी घ्यायला लावतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि निदान दोनदा झोपेच्या आरंभीच रेम आली, तर निदानाला बळ मिळतं. जाताना दोन आठवड्यांची ती वही न्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं डोससकट लिहून न्या, आणि घरातल्या कुणाकडून तुमच्या घोरण्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून घ्या. ‘मला झोपेत दडपण येतं’ एवढंच सांगून थांबू नका. डोळे उघडे होते का, खोली ओळखू येत होती का, किती वेळ टिकलं, कुठल्या कुशीवर होतात, हेही सांगा. कारण झोपेत किंचाळून उठणं, वाईट स्वप्न, रात्रीचा पॅनिक अटॅक आणि अपस्माराचा झटका यांतून हा प्रकार वेगळा काढायला डॉक्टरांना याच उत्तरांची गरज असते.